मुकी ठरवलेल्या पोरीचा आवाज

माफबीफ काही केलं नाही मी आमच्या मुख्याध्यापकांना. करणारही नाही.

नवेगाव बांधजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत टॅब आले, तेव्हा मुख्याध्यापक सरांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि कपाटात कुलूपबंद करून टाकले. पोरं फोडतील म्हणे. साहेब तपासणीला आले की तेवढे काढू.

माझ्या दुसरीच्या वर्गात घरी गोंडी बोलणारी एक पोरगी होती. मराठीत काही विचारलं की नुसती पाहत राहायची. सरांनी एकदा येऊन तिला दरडावून नाव विचारलं, ती बोलली नाही, झालं. पोरगी मुकी आहे, गोंदियाला मूकबधिर शाळेत पाठवा. तिची आई धानाची रोवणी सोडून चिखलाच्या पायांनी माझ्याकडे आली. "घरी तं दिवसभर बडबडते जी बाई. काऊन पाठवून राहिले माह्या पोरीले?" माझं टाळकंच सरकलं.

टॅब मागितले, मिळाले नाहीत. मग माझ्याच मोबाइलवर चित्रांचा खेळ बनवला. पोरीला म्हटलं, चित्र बघ आणि तुझ्या घरच्या बोलीत नाव सांग, मी रेकॉर्ड करते. तर थांबायलाच तयार नाही! खेळात तिचा आवाज आधी गोंडीत शब्द सांगतो, मग माझा मराठीत, आणि ऐकून चित्रावर बोट ठेवायचं. दिवाळीपर्यंत ती वर्गात मराठीतून भांडायला लागली. सरांना पत्ताच नाही, त्यांच्या डोक्यात अजून गोंदियाच. ते वर्गात फिरकले तर ना.

साहेब आले. कपाट उघडलं, टॅबवर कुंकू तसंच, पण एकही सुरू होईना. सर माझ्या कानाशी लागले, "मॅडम, तुमचा मोबाइल द्या ना. पोरं त्यावर काहीतरी खेळतात म्हणे."

दिला. त्याआधी खेळातली मराठी बंद केली, फक्त गोंडी ठेवली. हो, मुद्दाम. म्हटलं, "सर, तुम्हीच खेळून दाखवा साहेबांना."

आवाज आला. सरांनी बोट ठेवलं, चूक. पुन्हा चूक. पोरं खिदळून राहिली. सरांना घाम फुटला, तोंडातून शब्द निघेना.

साहेबांनी विचारलं, "आवाज कोणाचा?"

मी पोरीला पुढे केलं. "सरांनी जिला मुकी ठरवून गोंदियाला पाठवायचं म्हटलं, तिचा." मग सरांकडे वळले. "तुमचीही वाचा बसली सर. तुम्हालाही मूकबधिर शाळेत पाठवायचं का?"

साहेबांनी पोरीला आमच्याच शाळेत ठेवायला सांगितलं. सर खाली पाहत उभे राहिले. इतकं बरं मला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं.