घाणेरीच्या तेलातला कापूर

“मॅडम, घाणेरीच्या तेलात कापूर कुठून आला?” आमचे लॅबमालक देसाई सर रिपोर्ट नाचवत माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“मीही तेच विचारतेय, सर. यंत्र काही बोलत नाही.”

रायापूरच्या आमच्या लहानशा लॅबमध्ये मी तेलं तपासते. घाणेरी म्हणजे कुंपणावरचं ते रंगीत झुबक्यांचं झुडूप. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. इंग्रजीत तिला वाइल्ड सेज असं भारदस्त नाव आहे. इकडे शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. पण अळणावरजवळच्या शांताक्कांनी गावातल्या बायका जमवून तिच्या पाल्याचं तेल काढायला घेतलं होतं. बेंगळुरूची एक कंपनी ते डासांच्या अगरबत्तीसाठी घेणार होती. पहिली खेप पास झाली तर वर्षाचा करार, नाही तर बायकांना पुन्हा ऊसतोडीला जाणं भाग होतं.

तपासणी अशी असते. जीसीएमएस नावाच्या यंत्रात केसासारखी बारीक, वेटोळं घातलेली लांबच लांब नळी असते. तीत तेलाचा अंश सोडला की त्यातले घटक शर्यत लावतात. साधारणपणे हलके पुढे, जड मागे. जो बाहेर पडेल त्याचा स्क्रीनवर सुळका उठतो, त्याला आम्ही पीक म्हणतो. आधी सॅबिनीन आलं. शेवटाकडे कॅरिओफायलीन महाराज आले, मिरी-लवंगेतही असतात तेच. दोघंही अपेक्षित. आणि दोघांच्या मध्ये, न बोलावता, छाती काढून कापूर! घाणेरीत तो कधी नावापुरता सापडतो, पण इतका नाही.

“आपल्याच यंत्राचा दोष असेल,” सर आशेने म्हणाले. चोर घरातलाच निघावा असं मलाही वाटत होतं. तेल न घालता, ते ज्यात विरघळवतो ते नुसतं सॉल्व्हंट सोडून पाहिलं. नळी स्वच्छ. राखून ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीतलं तेल सोडलं. कापूर हजर.

शांताक्कांना फोन लावला. “अक्का, तेलात काही मिसळलंत का?”

“अय्यो मॅडम! आम्ही दुधात पाणी घालत नाही, तेलात काय घालू?”

दुसऱ्या दिवशी मी त्यांची भट्टी गाठली. तिथे टाकीत पाला भरून, खालून वाफ सोडून तेल काढतात. “मी इथे नाहीच असं समजा,” मी म्हटलं, “आणि रोजच्यासारखा घाणा काढा.”

अक्कांनी सुकवलेला पाला आणला. रिकाम्या टाकीच्या तळाची जाळी उचलली, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग कमरेची पुडी सोडून मूठभर कापूर जाळीखाली ठेवला आणि वर पाला दाबायला लागल्या.

मी किंचाळलेच. “अहो, हे काय?”

“पूजा की. मशीनला पूजा नको होय?”

“पण कापूर पेटवतात, अक्का! टाकीत कोण ठेवतं?”

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे कंपनीच्याच सेफ्टी ऑफिसरने ठोकलेला बोर्ड होता: तेलाजवळ ज्योत लावू नये. “ते साहेब आमच्या आरतीवर केवढं ओरडले! मग न पेटवता ठेवायला लागलो. वाफेबरोबर पोचतोय की देवाला.”

वाफेबरोबर तो सरळ तेलात पोचत होता. टाकीभर पाल्यातून वाटीभर तेल निघतं. त्यात मूठभर कापूर म्हणजे काय राहिलं?

मी समजावून सांगितलं तसा अक्कांनी हातातला पाला खाली ठेवला. “कापराचं ते एक टोक तेवढं कागदावरून पुसून टाका की, मॅडम.”

“खाली माझी सही असते, अक्का.”

अक्का टाकीतला पाला परत बाहेर काढायला लागल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

टाकी घासून घेतली, कापराशिवाय नवा घाणा काढला. तेल अस्सल निघालं. दोन्ही रिपोर्ट आणि झालेली हकिगत कंपनीला पाठवली. त्यांच्या पर्चेस मॅनेजरचा फोन आला.

“मॅडम, गोष्ट फार छान आहे. पण सिस्टिममध्ये एकदा ‘भेसळ’ असं पडलं की व्हेंडर कोड लॉक होतो, त्या पुरवठादाराकडून खरेदी बंद.”

“मग अनलॉक करा.”

“तसं बटणच नाही.”

“अहो, हे तुमच्या बोर्डामुळे झालंय!”

“बोर्डात काही चूक आहे का?”

बोर्डात चूक नव्हती. माझ्या रिपोर्टातही नव्हती. मी दुसऱ्या दोन कंपन्यांना विचारून पाहिलं. घाणेरीचं नाव ऐकून एक जण हसला, दुसऱ्याने फोनच उचलला नाही.

अक्कांना सांगायला मीच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “पूजेच्या कापराला भेसळ म्हणतात होय?” एवढंच विचारलं आणि टाकीवर ताडपत्री ओढली. त्या हंगामात बायका ऊसतोडीला गेल्या. अक्काही गेल्या.

आता कुणीही सॅम्पल घेऊन आलं की मी बाटली उघडण्याआधी विचारते, “पूजा कशी केलीत?” लोक मला फार भाविक समजतात.