तिसरा पेला

बारा मार्च, एकोणीसशे सत्तेचाळीस. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. परभणीच्या दवाखान्यातील प्रयोगशाळेचे दार मी नुकतेच उघडले आहे, सूक्ष्मदर्शकावरचे फडके अजून काढायचे आहे, आणि शेजारच्या वॉर्डातून उकळत्या मनुकांचा वास येऊ लागला आहे. तापातून उठलेल्या रोग्यासाठी त्याच्या घरचे कुणी मनुकांचे पाणी करीत असेल. वास गोड आहे, किंचित जड, कुणालाही आवडावा असा. मला मात्र त्याने मळमळते. आमच्या गावच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाला द्राक्षरस म्हणून हेच पाणी असे. शनिवारी पाळकांच्या घरी मनुका उकळत, आणि रविवारी ते गाळलेले तांबूस पाणी पेल्यांत ओतले जाई. पेल्यांत, असे म्हणावे लागते. सगळ्यांनी प्यायचा पेला एकच असायला हवा होता.

किळस या विकाराचा मी पुष्कळ विचार केला आहे. नासलेल्या मांसापासून तोंड फिरवायला शरीराला कुणी शिकवावे लागत नाही असे म्हणतात, ते असेल. पण दुसऱ्याच्या ओठांना लागलेल्या भांड्याची किळस रांगत्या मुलाला नसते. ते कुणाच्याही तोंडचा घास ओढून घेते. त्याला पुढे शिकवले जाते की अमक्याचे उष्टे चालते आणि तमक्याचे चालत नाही, आणि हा धडा बुद्धीत न राहता थेट गळ्यात जाऊन बसतो. माणूस देव बदलतो, नाव बदलतो, गाणी बदलतो. गळा तोच राहतो. म्हणून कुणाचे मनपरिवर्तन झाले असे ऐकले की मी दोनच प्रश्न विचारते. ज्याची किळस येत होती, ती गेली का? आणि ज्याची कधीच आली नव्हती, त्या स्वतःच्या जुन्या जगण्याची आता येऊ लागली का? पश्चात्ताप या जड शब्दाचा याहून वेगळा अर्थ मला सापडलेला नाही.

बोरीपासून कोसभरावरचे आमचे गाव. मधून नाला वाहतो. नाल्याच्या अलीकडे एक वस्ती, पलीकडे दुसरी. गावाच्या लेखी दोन्ही गावकुसाबाहेरच्या, दोन्हींची सावली सारखीच टाळायची. दोन्ही वस्त्यांनी माझ्या आजोबांच्या काळात सुवार्ता स्वीकारली. एकाच बाकावर बसून दोन्हींनी एकच गाणे म्हटले, आणि पेला फिरू लागला तेव्हा अलीकडच्यांनी पलीकडच्यांचे उष्टे प्यायला साफ नकार दिला. ज्यांना सारे गाव दूर लोटत होते, त्यांनी आपल्याहून खाली ढकलायला कुणीतरी शोधून ठेवले होते. त्या वेळच्या पाळकांनी दुसरा पेला आणला. काही दिवसांपुरता, असे म्हणाले असतील. माझा जन्म झाला तेव्हा अलीकडच्यांचा पितळी आणि पलीकडच्यांचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, असे दोन पेले मांडणे हा उपासनेचा भागच होऊन गेला होता. दोन्ही पेले धुण्याचे काम पलीकडच्या मावशींकडे होते. एकाच घमेल्यात, एकाच पाण्यात, एकाच फडक्याने. त्यावर कुणाची हरकत नव्हती. मला मळमळते ते इथे.

आणि मग अक्का आल्या. बोरीच्या एका मोठ्या लिंगायत शेतकरी घरातल्या विधवा, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला विभूती. लेकीच्या आजारपणात त्या आमच्या मिशन दवाखान्यात महिनाभर राहिल्या. लेक वाचली नाही. पण त्या महिन्यात अक्का रोज संध्याकाळी शुभवर्तमान ऐकायला बसत, नेमके प्रश्न विचारीत, आणि वर्षभराने त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा मागितला. पाळकांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून दिसतो. वाण्याला बडे गिऱ्हाईक लाभावे तसा होता तो.

अक्कांचे दीर बैलांची दमणी जुंपून पाळकांकडे आले, तेव्हा मी तिथेच होते. मोठ्या शांतपणे बोलले.

"डोक्यावर पाणी घाला, आमी न्हाई म्हणत न्हाई. पाणी वाळून जातं. पर वयनी तिथं कुणाचं उष्टं प्यायल्या, तर त्यांनी आमच्या उंबऱ्याशी यायचं न्हाई. घर, रान, समदं बंद."

पाळकांनी तत्काळ मान्य केले. दहा दिवसांत हैदराबादेहून चांदीचा पेला आला. तिसरा.

मी तेव्हा हैदराबादेत बी.एस्सी. पुरी करून सुटीला आले होते. पुढे संशोधन करायचे ठरले होते, आणि त्यासाठी मिशनची शिफारस पाळकांच्याच हातून जाणार होती. त्यांनी मला बोलावून घेतले.

"तू जंतुशास्त्र शिकलीस, पोरी. रविवारी दोन शब्द बोल. एका पेल्यानं क्षय पसरतो, म्हणून वेगळे पेले, असं सांग. तुझं ऐकतील."

"मग प्रत्येकाला वेगळा पेला द्या. दोन वस्त्यांना दोन पेले, हे जंतूंना कसं कळावं? त्यांना नाल्याची अलीकडची बाजू कुठली ते ठाऊक नसतं."

"सुधारणा हळूहळू होते. आज अक्का आल्या, उद्या त्यांच्यामागून दहा घरं येतील."

"कशाकडं येतील? त्यांच्या घरी हेच आहे, आणि भांडी जास्त चांगली आहेत."

 माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत त्यांनी चष्मा पुसला. जे शास्त्र शिकायला मी घर सोडले, ते या माणसाला त्या घमेल्यावर झाकण म्हणून हवे होते. शिफारशीचा विषय पुढे कधी निघाला नाही.

रविवारी देवळात दाटी होती. अक्कांनी डबी आदल्याच दिवशी आपल्या हाताने उतरवून जंगमांकडे, आपल्या जुन्या गुरूंकडे, पोचती केली होती, आदराने. तिचा अपमान त्यांनी कुणाला करू दिला नाही. बाप्तिस्मा झाला. ओले केस पदराखाली घेऊन त्या पुढे बसल्या. मेजावर तीन पेले मांडलेले. माझ्या मागे एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "देवाला बी आता भांडी पुरंनात गं, बाई." दोघी खुसखुसल्या.

पाळकांनी चांदीचा पेला अक्कांपुढे धरला. अक्कांनी तो हातात घेतला, आणि पाहत राहिल्या, आधी पेल्याकडे, मग मेजाकडे. दारात दीर उभे होते.

"ह्यो माझ्यापुरता?"

"तुमच्यासाठीच, अक्का. खास मागवलाय."

"आन् ते दोन?"

पाळकांनी मेजावरचे फडके सारखे केले. अक्का उठल्या. पलीकडच्यांचा जर्मनचा पेला नुकताच मावशींच्या हाती पोचला होता आणि मावशींनी त्यातून एक घोट घेतला होता. अक्का त्यांच्यासमोर जाऊन बसल्या, चांदीच्या पेल्यातले पाणी त्यांनी त्या पेल्यात ओतले आणि हात पुढे केला. मावशी मागे सरकल्या. 

"नको माय! म्या तोंड लावलंय. माजं उष्टं हाय."

"तुजं न्हाई गं," अक्का म्हणाल्या. "त्याचं हाय. प्रसादाला कुणी उष्टं म्हणतं का? आन इकडं."

"वयनी!" दारातून हाक आली. एकदाच.

अक्कांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांचा गळा आवळला, हे मी पाहिले. ओठ मिटले, मानेची शीर वर आली, डोळ्यांत पाणी उभे राहिले. साठ वर्षांचा धडा एका क्षणात पुसला जात नाही. त्यांनी तरीही घोट घेतला, गिळला, आणि पेला माझ्याकडे केला. मीही प्यायले. मी अलीकडची; माझाही गळा आवळला. कोमट, गोड, जर्मनची चव असलेले पाणी होते. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काहीही झाले नाही. दारात दीर उरले नव्हते.

अलीकडचे बरेच लोक उठून गेले. अक्कांचे बोचके संध्याकाळी दमणीतून आले आणि देवळाच्या पायरीवर ठेवले गेले. मिशनच्या अहवालात त्यांचा बाप्तिस्मा ठळकपणे आला. पेल्याविषयी अक्षर नव्हते. अक्का तेव्हापासून नाल्यापलीकडे मावशींच्या खोपटात राहतात. तिथे कसे काय, असे विचारले तर हसून म्हणतात, "पयल्यांदा लय वकाऱ्या यायच्या. आता मावशीच्या हातचं कालवण नसलं तर घास उतरत न्हाई."

वॉर्डातला वास आता ओसरला आहे. सूक्ष्मदर्शकावरचे फडके काढून मी काचपट्टी सरकवते. जंतू मोजणे सोपे असते. ते जिथे असतात तिथे दिसतात. गेल्या रविवारी मी गावी गेले होते. चांदीचा पेला पाळकांच्या कपाटात काचेमागे चकाकत होता. मेजावर पूर्वीसारखेच दोन पेले मांडले होते, आणि अलीकडच्यांनी पूर्वीसारखेच डोळे मिटून गायिले. अलीकडच्यांपैकी किंवा बाहेरून आलेल्यांपैकी कितीजणांनी पलीकडच्यांचा पेला ओठांना लावला, एवढेच मी मोजले. तीन वर्षांनंतर, मला धरून, दोन: अक्का आणि मी.