नमस्कार करणारे हातमोजे

सोनगीरच्या लोटनने आयुष्यात दोन प्रकारची अक्षरं काढली. पहिली पितळेवर, छिन्नीने ठोकून. दुसरी काचेवर, अॅसिडने खाऊन. शाईची म्हणाल तर सहीपुरतीच, आणि ती सही बँकेतल्या माणसालाही दरवेळी नवीनच वाटायची.

पितळ गावातच होतं. सोनगीरला तांब्यापितळेची भांडी घडतात आणि घडलेल्या भांड्यावर नाव घालायला लोकांना लोटन लागायचा. लग्नसराईत त्याच्या ओट्यावर हंडे, कळशा, घंगाळी अशी दाटी व्हायची की घरातल्यांना ताटावर बसायला जागा नसे. लोटनचं म्हणणं एवढंच, की नाव असलेलं भांडं शेजारी गेलं तरी घरी परत येतं. आपल्या नावाची पंचपाळी व्याह्यांकडे सापडली म्हणून एका घराण्यात दोन वर्षं बोलणं बंद होतं. लोटन ते अभिमानाने सांगे. अक्षर स्वच्छ असल्याशिवाय एवढं भांडण होतं का?

हा हात धुळ्याच्या रतिलालशेठच्या कानावर गेला. शेठने एमआयडीसीत नवा कारखाना टाकला होता. दुधातलं फॅट मोजायच्या काचेच्या नळ्या तिथे व्हायच्या. नळीवर बारीक रेघा आणि आकडे लागतात. रेघ केसभर सरकली तरी डेअरीत तिकडे कुणाच्या म्हशीची अब्रू जाते. असं काम करणारा हात शेठला हवा होता. लोटन तेव्हा तिशीत होता. तो सकाळच्या एसटीने धुळ्याला जाऊ लागला आणि दहाबारा वर्षं जातच राहिला.

काम असं. नळीवर मेणाचा पातळ थर द्यायचा. मेण सुकलं की सुईने त्यावर रेघा आणि आकडे काढायचे, म्हणजे तेवढ्याच जागी काच उघडी पडते. मग नळी अॅसिडात बुडवायची. मेण शाबूत राहतं, उघडी काच खाल्ली जाते. धुऊन मेण काढलं की आकडे कायमचे. अॅसिडचं नाव हायड्रोफ्लोरिक. हे नाव पुरतं उच्चारेपर्यंत एसटी सुटायची, म्हणून कारखान्यात सगळे त्याला 'काचखाऊ' म्हणत.

काचखाऊ काचेच्या बाटलीत राहत नाही, बाटलीच खातो. तो प्लॅस्टिकच्या कॅनमधून यायचा. त्याच्या नुसत्या वाफेने खोलीच्या खिडकीची तावदानं पांढरी झाली होती. पाहुणे म्हणत, "वा शेठ, दुधी काच बसवलीत." शेठ म्हणत, "हो, मुंबईची आहे." लोटनच्या चष्म्याचंही तेच झालं होतं, त्यातून सगळे पांढरेच दिसत. तो म्हणे, "माले आते बठ्ठा लोक गोरा दिखतस."

पण थट्टा चष्म्यापुरती. काचखाऊची भीती त्याला मनापासून होती आणि ती त्याने कमावलेली होती. पहिल्याच वर्षी कॅनबरोबर एक इंग्रजी कागद आला. शेठने त्यात सुपारी बांधायला घेतली होती. लोटनने तो सोडवून सोनगीरला पंडित गुरुजींकडे नेला. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींनी दोन संध्याकाळी शब्दकोश घेऊन तो वाचला, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लोटन, तू आपली भांडीच ठोक."

कागदात होतं ते असं. दुसरं अॅसिड अंगावर पडलं तर लगेच आग होते, माणूस ओरडतो, पाण्याकडे पळतो. हे तसं नाही. पातळ केलेलं असलं तर ते सोयऱ्यासारखं मुकाट आत शिरतं, कातडीवर डागसुद्धा ठेवत नाही, आणि काही तासांनी हाडापाशी जाऊन बसतं. शरीरातलं कॅल्शियम त्याला लागतं. फार शिरलं तर हृदयसुद्धा बंद पडतं. म्हणून थेंब लागल्याची नुसती शंका आली, तरी दुखायची वाट न बघता लगेच पाण्याखाली धरायचं, कॅल्शियमचं मलम चोळत राहायचं आणि डॉक्टरकडे जाऊन कॅल्शियमचं इंजेक्शन घ्यायचं.

गुरुजींनी हे मराठीत लिहून दिलं. लोटनने तो कागद अॅसिडच्या खोलीत लावला आणि स्वतः त्या खोलीची सासू झाला. वाफ ओढणारा पंखा चालू केल्याशिवाय कॅन उघडायचा नाही. उरलेलं अॅसिड मोरीत नाही, चुन्याच्या टाकीत. आणि रोज सकाळी कोपरापर्यंतचे काळे रबरी हातमोजे पाण्याने भरायचे, वरून पिळायचे आणि बोटांकडे बघत बसायचं. एखादा थेंब डोकावला तर तो मोजा कात्रीने कापून टाकायचा. शेठ म्हणत, "लोटनभाऊ, रोज काय मोज्यांना आंघोळ घालता?" लोटन म्हणे, "तुम्ही नाही का घालत देवाला?"

एवढं सगळं झालं, मलम मात्र येईना. ते मुंबईहून मागवावं लागायचं. लोटन दर पगाराला आठवण करायचा. शेठ म्हणायचे, "कॅल्शियमच पाहिजे ना? दूध प्या. आपला धंदाच दुधाचा." अशी सात वर्षं गेली. शेवटी कारखान्याच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरचा कागद वाचला आणि विचारलं, "यातलं मलम कुठाय?" पंधरा दिवसांत मलम आलं. एकच ट्यूब. शेठने ती सगळ्यांना लांबून दाखवली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी कमरेला.

लोटन म्हणाला, "शेठ, ते अॅसिडच्या खोलीत पाहिजे."

"तिथे ठेवलं तर कुणीही ओठाला लावेल. तपासणीला काय दाखवू मग?"

लोटनने दोनदा सांगितलं, चारदा सांगितलं, मग इतर गोष्टींत सांगायचं राहिलं. माणूस सात वर्षं भांडून वस्तू मिळवतो, तेव्हा ती मिळालीय या आनंदातच तो थोडा ढिला पडतो.

एकोणनव्वद सालचा दसरा. सकाळी कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि कामगारांच्या बायका नटून यायच्या. टेबलावर सुया, मेणाची भांडी, मोजपट्ट्या मांडल्या होत्या. लोटनने त्यात आपले हातमोजेही आणले. दहा वर्षं बोटं राखली त्यांनी, मान त्यांचाच पहिला. पण रबर गुळगुळीत, झेंडूचं फूल ठेवलं की घसरायचं. लोटनच्या अंगात विनोद संचारला. नळ्या गुंडाळायचा पेंढा त्याने मोज्यांत भरला, दोन्ही मोजे उभे केले, तळव्याला तळवा लावला. बोटं मात्र फाकत होती. त्याने बायकोपुढे हात केला. सुंदरबाईने सवयीने बांगडीतल्या दोन पिना काढून दिल्या. एक लोटनने दोन्ही मोज्यांच्या पहिल्या बोटांतून आरपार घातली, दुसरी अंगठ्यांतून. मोजे देवीपुढे हात जोडून उभे राहिले.

सगळा कारखाना हसला. लोटनच्या हाताखाली काम करणारा चिंधा म्हणाला, "आबा, ह्या तुमनापेक्षा जास्त भाविक शेतस." रतिलालशेठने कॅमेरा काढून फोटो घेतला. शेठ कधी नव्हे ते म्हणाले, "लोटनभाऊ, कलाकार आहात." लोटन दिवसभर त्या वाक्यावर तरंगत होता.

कारखान्यात एक रीत होती. दसऱ्याचं हळदकुंकू मुद्दाम धुवायचं नाही, कामानेच पुसलं जाऊ द्यायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी लोटनने पिना काढल्या, पेंढा झटकला आणि दहा वर्षांत प्रथमच मोजे पाण्याने न भरता हातांत चढवले. देवीपुढचं कुंकू बादलीत कसं बुडवायचं? पिनेने भोक पडतं हे कालच्या कौतुकात त्याच्या ध्यानातच आलं नाही, आणि भोकं त्याला दिसलीही नाहीत. पीन निघाली की रबर मिटून घेतं, आणि चष्मा तर पांढराच होता.

दुपारी मोजे उतरवले तेव्हा, ज्याने तो नळ्या बुडवायचा त्या उजव्या हाताचं पहिलं बोट आणि अंगठा ओलसर लागला. ऑक्टोबरचं धुळ्याचं ऊन. घाम आला असेल म्हणत त्याने धोतराला हात पुसला आणि भाकरी खाल्ली.

चारच्या सुमाराला त्याच्या हातातली सुई पडली. त्याने उचलली, पुन्हा पडली. मग तो उठला आणि नळाखाली हात धरून उभा राहिला. चिंधाने येऊन बोटं पाहिली.

"आबा, आठे तं काहीच दिखत नही."

"हाडमा शे ते," लोटन म्हणाला. "मलम आन."

चिंधा ऑफिसात धावला. रतिलालशेठ सकाळीच सहकुटुंब सुरतेला गेले होते आणि चावी त्यांच्याबरोबर सुरतेला गेली होती. खुर्चीवर शेठचे मेहुणे लीलाधर बसले होते. चिंधा म्हणाला, कुलूप फोडतो. लीलाधर म्हणाले, "वेडा आहेस का? आत शेठचे कागद आहेत. फोन लावतो." त्यांनी सुरतेला ट्रंककॉल बुक केला आणि तो लागण्याची वाट बघत बसले. माणूस वाईट नव्हता. त्याने मध्येच लोटनसाठी चहासुद्धा पाठवला.

लोटनने तासभर पाणी सोडलं नाही. वेदना आता कोपरापर्यंत चढली होती, आणि हात मात्र असा शहाणा दिसत होता की बघणाऱ्याला लोटनच खोटा वाटावा. शेवटी चिंधाने भिंतीवरचा गुरुजींचा कागद काढला आणि त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बोट उलटंपालटं केलं. "अॅसिड कुठे पडलंय? लालसुद्धा नाही."

चिंधाने कागद पुढे केला. "साहेब, हे आत जातं. कॅल्शियमचं इंजेक्शन लागतं. कागदात आहे."

"हे कुणी लिहिलंय?"

"पंडित गुरुजींनी."

"मग गुरुजींकडूनच इंजेक्शन घ्या," डॉक्टर म्हणाले, आणि भाजल्याचं पिवळं मलम आणि दुखण्याच्या गोळ्या देऊन त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. लोटनने आयुष्यभर लोकांना हसवलं होतं. हा विनोद मात्र चांगला असूनही त्याला हसू आलं नाही.

सकाळी बोटाचं टोक पांढरं झालं होतं, नखाखाली काळं. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पूर्ण वाचला आणि विचारलं, "काल का नाही आलात?" त्यांनी इंजेक्शनं दिली, हात वाचवला. पहिलं बोट मुळापासून आणि अंगठ्याचं पेर मात्र काढावं लागलं. म्हणजे नेमकं तेवढंच गेलं, जेवढ्यात सुई आणि छिन्नी धरली जाते.

आठवड्याने रतिलालशेठ सोनगीरला भेटायला आले. एका पिशवीत पेढे आणि दुसऱ्या पिशवीत ती ट्यूब. सील न फोडलेली. "ठेवा तुमच्याकडेच," शेठ म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सुंदरबाईने पेढे ठेवून घेतले. ट्यूब लोटनने मागितली आणि उशाशी ठेवली.

भरपाईच्या अर्जाचं मात्र वेगळं झालं. चौकशीत पहिला प्रश्न निघाला, मोज्यांना भोकं कुणी पाडली? शेठने काही सांगायची गरज पडली नाही. त्यांच्या वकिलाने फोटो पुढे केला. झेंडूचे हार, हात जोडून उभे असलेले मोजे, बोटांच्या टोकाशी चमकणाऱ्या दोन पिना, आणि मागे तोंडभर हसणारा लोटन. फोटो इतका स्वच्छ आला होता, की चौकशीच्या साहेबांनी भिंगसुद्धा मागितलं नाही. निकालात लिहिलं, कामगाराने संरक्षक साधन स्वतःच्या हाताने निकामी केले. कपाटाचं नाव कुठेच आलं नाही. कपाट काही फोटोत नव्हतं.

लोटन त्या वाक्याला कधी खोटं म्हणाला नाही. तेच त्याला जास्त लागलं. सुंदरबाईच्या बांगड्यांत पुन्हा पीन दिसली नाही.

पुढच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेच्या एसटीने, चिंधा पिशवीत पूजेतले मोजे घेऊन, कामावर जायच्या आधी लोटनला भेटायला सोनगीरला आला. आता अॅसिडच्या खोलीत तो होता.

"पूजा झाली?" लोटनने विचारलं.

"झाली, आबा. औंदा शेठनी मलमनीबी पूजा करी. नवी ट्यूब आनेल शे. हळदकुंकू लायं, फूल वाह्यं."

"मंग?"

"मंग परत कपाटमा."

"चावी?"

चिंधाने शेठसारखा कमरेवर हात ठेवून दाखवला. लोटन हसला. वर्षभरात सुंदरबाईने ते हसणं ऐकलं नव्हतं आणि तिला ते आवडलं नाही.

तो आत गेला. उशाशी ठेवलेली ट्यूब काढली, एक पितळी डबी काढली आणि ओट्यावर येऊन पायाच्या अंगठ्यांत डबी धरली. उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत छिन्नी कशीबशी अडकवली होती, डाव्या हातात हातोडी. लग्नसराईत एका दुपारी वीस हंड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाला दोन अक्षरं घालायला पाऊण तास लागला. अक्षरं बाजारातून परतणाऱ्या दारुड्यांसारखी एकमेकांवर कलली होती. पण 'चिंधा' वाचता येत होतं.

"हाई खिसामा ठेव," ट्यूब डबीत घालत तो म्हणाला. "कपाटमा नको. कोनले देऊबी नको. सालभरमा नवी माग, नही दिधी तं माले सांग."

चिंधाने डबी घेतली आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठू लागला.

"बस," लोटन म्हणाला. "मोजा काढ."

चिंधा घुटमळला. "आबा, कालदिनना कुंकू शे त्यासवर."

सुंदरबाईनेच बादली भरून आणली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. चिंधाने मोजे बुडवले. पाणी हळूहळू लाल झालं. मग त्याने ते भरून वर धरले, वरून पिळले, आणि तिघंही रबराच्या दहा बोटांकडे बघत बसले.