डेलिया मॅनियनचा रिव्हर्स

आमच्या गावात कुणी काही नवं करायला निघालं, की आधी आम्ही पोट धरून हसतो, आणि ते जमलं की म्हणतो, मला वाटलंच होतं. डेलिया मॅनियन बासष्टाव्या वर्षी गॉलवेच्या विद्यापीठात कायदा शिकायला निघाली, तेव्हा आख्खा पब हसला. मी मात्र हसलो नाही. माझ्या आणि तिच्या शेतामधला दगडी गडगा नेमका कुणाचा, हा वाद माझ्या वडलांच्या काळापासून चालू आहे. शेजारीण कायदा शिकणार म्हटल्यावर माणसाला हसू कुठून येणार?

तसं पाहिलं तर डेलियाचं सगळंच उलट्या क्रमानं झालं. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, कारण आई अंथरुणाला खिळली. मग मासळीच्या कारखान्यात बांगडे साफ करणं आलं. लग्न आधी झालं, प्रेम त्यानंतर चारेक वर्षांनी जमलं. हे ती स्वतःच नवऱ्यादेखत सांगायची, आणि बिचारा मार्टीन पाइप चघळत मान डोलवायचा. पोरं मोठी झाली, मार्टीन गेला, आणि मग बाई चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसायला लागली. तिथल्या मास्तरणीनं तिला विद्यापीठाच्या मुलाखतीला धाडलं. मोठ्या वयाच्या लोकांना लेखी परीक्षेऐवजी मुलाखत असते. बोलण्यात डेलियाला कोण हरवणार? घेतलं की त्यांनी.

तिचं लायसनही असंच, उलटं. एकोणऐंशी साली वाहन चाचणीच्या रांगा इतक्या लांबल्या, की सरकारनं कंटाळून शिकाऊ परवाना दुसऱ्यांदा काढलेल्या सगळ्यांना एका फटक्यात पक्कं लायसन देऊन टाकलं. चाचणी नाही, काही नाही. डेलियाचं लायसन पोस्टमननं दारात आणून दिलं तेव्हा तिनं तिसरा गिअर अजून टाकलेलासुद्धा नव्हता. (माझंही त्याच वर्षीचं आहे. म्हणून आवाज फार चढवत नाही.)

पण त्यानंतर तिनं गाडी चालवली म्हणजे किती चालवली! प्रार्थनेला म्हाताऱ्या, दवाखान्यात बाळंतिणी, लग्नाला वाजंत्री, सगळे तिच्याच गाडीतून. फक्त एक गोष्ट होती, आणि ती गावात सगळ्यांना ठाऊक होती. गॉलवेची वेस आली, की ती पेट्रोल पंपाशेजारी गाडी लावायची आणि पुढं बसनं जायची. शहरातल्या सर्कलांची तिला भीती वाटायची. म्हणायची, “त्या चक्रात शिरलेला माणूस बाहेर कसा पडतो, हे मला कुणी सांगितलेलंच नाही.”

तिचा मुलगा एन्डा डब्लिनला विम्याच्या कचेरीत आहे. दिवसभर लोकांचे अपघात वाचून वाचून त्याला उभी गाडीसुद्धा अंगावर धावून येतेय असं वाटतं. कॉलेज सुरू व्हायच्या आधी तो मुद्दाम घरी आला. मीही गेलो. चहाची वेळ होती म्हणून गेलो, असं समजा.

“आई,” एन्डा म्हणाला, “पहिल्या वर्षाची पोरं कॉलेजात गाडी आणत नाहीत.”

“पहिल्या वर्षाच्या पोरांचे गुडघे नवे असतात, एन्डा.”

“दारावरून बस जाते की!”

“सकाळची बस पोचते तेव्हा पहिला तास संपलेला असतो. संध्याकाळची सुटते तेव्हा शेवटचा सुरू होतो. म्हणजे मी मधलाच कायदा शिकायचा? खून दोन ते चारच्या दरम्यान झाला तर मला कळणार, एरवी नाही?”

“मग शहरात खोली घे.”

“खोली! पोरं पाळीपाळीनं एका गादीवर झोपताहेत तिथं. आणि माझ्या मेंढ्यांना काय, तू डब्लिनहून फोन करणार?”

मला हसू फुटलं. एन्डानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पावाला लोणी लावायला घेतलं. मग तो वैतागला आणि बोलू नये ते बोलला.

“आई, आयुष्यात एक तरी परीक्षा पास झालीयस का तू? एक तरी?”

डेलिया पाव कापत होती, ती कापतच राहिली. कुणाला नको इतके तुकडे झाले. मग सुरी खाली ठेवून ती म्हणाली, “नाही झाले. तर तू परीक्षा घे. उद्या. तू शेजारी बस, हा शेजारचा कोलमन मागं बसेल साक्षीदार म्हणून. विद्यापीठाच्या आवारात गाडी लावून दाखवते. जमलं तर गाडी माझ्याबरोबर कॉलेजात येणार आणि पुन्हा ह्या विषयावर चकार शब्द नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर किल्ली तुझी. आणि कॉलेज गेलं उडत.”

दुसऱ्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांची नावनोंदणी होती. डेलियानं निळा कोट घातला, तिच्या छोट्या लाल मायक्रा गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं, आणि उरलेलं एन्डाच्या टकलावर. “तुला जास्त गरज आहे,” म्हणाली.

समुद्रकाठचा रस्ता तिनं झकास कापला. समोरून गाडी आली, की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. आमच्याकडं एवढ्यात रामराम होतो. तिनं एकालाही सोडलं नाही. मग पेट्रोल पंप आला. इतक्या वर्षांची सवय. मायक्रा आपोआप डावीकडं कलली. एन्डाचा हात किल्लीकडं सरकला. डेलियानं चाक सरळ केलं, ओठ घट्ट मिटले आणि पंप मागं टाकला.

पुढच्याच वळणावर सर्कल. बाई शिरली खरी आत, पण बाहेरच्या बाजूनं गाड्यांची रांग. निघायची वाट आली नि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. आम्ही आपले देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे फिरतोय. आणि आत शिरायला थांबलेल्या प्रत्येकाला डेलिया बोट उचलून रामराम करतेय!

“आई, बोट दाखवू नकोस! इथं त्याचा अर्थ वेगळा होतो!”

“पहिलं बोट आहे हे. मधलं कुठं दाखवतेय?”

“डोळे बंद करू का मी?”

“कर. परीक्षकानं झोपायचंच असतं.”

तेवढ्यात शेजारच्या रांगेतल्या मासळीच्या ट्रकमधून एक जाडजूड बोट वर आलं. आमच्याच बाजूचा माणूस, दुसरं कोण! त्यानं तो अवाढव्य ट्रक तिथल्या तिथं उभा केला. मागं भोंग्यांचा कल्लोळ झाला. त्यानं आरामात हात हलवून वाट दाखवली, आणि आमची मायक्रा राणीसारखी सर्कलातून बाहेर पडली.

“हे धरायचं नाही,” एन्डा म्हणाला. “ही कॉपी झाली.”

“मी कुठं डोकावले? त्यानं पेपर उघडा ठेवला.”

मी साक्षीदार म्हणून सांगितलं की मुद्दा बिनतोड आहे. एन्डा म्हणाला, तुम्ही गप्प बसा.

आवारात पोचलो तर जागाच नाही. एकूण एक आईबाप आपापली पोरं आणि त्यांच्या गाद्या घेऊन आलेले. शेवटी एका दगडी भिंतीलगत, दोन थोराड गाड्यांच्या मधे एक फट दिसली. आमच्या पुढं एक चकचकीत गाडी तिथं शिरायला बघत होती. पुढं-मागं, पुढं-मागं, आणि शेवटी तो गृहस्थ कपाळाचा घाम पुसत निघून गेला.

“चल आई,” एन्डा म्हणाला. आवाज मऊ होता त्याचा, ते जास्त वाईट. “इथं कुणालाच जमणार नाही. जाऊ या घरी.”

डेलिया भिंतीकडं बघत होती. “हा तर आपला गडगा,” म्हणाली.

आमच्या पाणंदी तुम्ही पाहिल्या नसतील. दोन्ही बाजूंना गडगे, मधे जेमतेम एका गाडीपुरती वाट. समोरून कुणी आलं, की दोघांतल्या एकानं मागं जायचं, फाटक लागेपर्यंत. चाळीस वर्षं डेलियाला घाईचेच लोक भेटले. डॉक्टर आला, घे मागं. पाद्री आला, घे मागं. ट्रॅक्टर आला, शवपेटी आली, घे मागं. ह्या बाईनं जितका रस्ता उलटा कापलाय, तितका आमच्यातल्या काहींनी सुलटा कापला नसेल.

तिनं एन्डाच्या सीटमागं हात टाकला, मान वळवली.

“कोलमन, तुझं ते भोपळ्याएवढं डोकं खाली घे.”

घेतलं. त्यामुळं पुढचं मला दिसलं नाही, फक्त जाणवलं. गाडी एकदाच मागं गेली, एकदाच वळली आणि थांबली. डोकं वर काढलं तर मागच्या गाडीचा दिवा माझ्या नाकाशी. रस्त्याच्या कडेला गाद्या खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. एकीनं टाळ्या वाजवल्या.

डेलिया उतरली, कोट झटकला. एन्डा उतरेना.

“ये की बाहेर.”

“दार उघडत नाही. भिंतीला लावलीस तू.”

“जागा वाया कशाला घालवायची? बरं, आधी निकाल सांग.”

तो आतून काहीतरी पुटपुटला.

“काय? वय झालं रे माझं. ऐकू नाही येत.”

“पास, आई.”

“आणखी मोठ्यानं.”

“पास! पास झालीस तू!” एन्डा ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज चिरकला. गाद्यावाल्या पोरांना काय कळलं कोण जाणे, त्यांनीही आरोळी ठोकली. डेलिया तिथंच उभी राहिली, पिशवी छातीशी धरून. रडली नाही. हनुवटी वर करून एकदा त्या जुन्या इमारतीकडं पाहिलं आणि पायऱ्या चढून आत गेली. मागं वळून बघितलं नाही.

एन्डा गिअरच्या दांड्यावरून कसाबसा सरपटत बाहेर पडला आणि तिथल्या तिथं डब्लिनला बायकोला फोन लावला. “एका दमात!” तो सांगत होता. “एका दमात लावली, अगं! एवढीशी जागा!” आणि बायकोला फोनवरून दिसणार असल्यासारखा हातानं माप दाखवत होता.

रात्री पबमध्ये त्याच्याभोवती घोळका जमला. आधी हसलेलेच सगळे, आणि आता जो तो म्हणत होता, मला वाटलंच होतं. प्रत्येक ग्लासागणिक एन्डाच्या दोन हातांमधलं अंतर कमी होत चाललं, आणि त्या दोन गाड्यांचे हळूहळू दोन ट्रक झाले. शेवटी कुणीतरी मला विचारलं, “कोलमन, तू होतास ना गाडीत? खरं सांग, एवढीच जागा होती?”

साक्षीदारानं खोटं बोलू नये. मी सांगितलं, एन्डा जरा जास्तच सांगतोय. ह्याच्याहून कमी होती.