काकूंची खुर्ची

माझ्याच चुकीने मला गुप्तरोग झाला. आमच्या कोपरला, घराजवळच्या दवाखान्यात कुणी ओळखेल म्हणून मी ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात जायचो. तिथल्या समुपदेशक बाई प्रत्येक वाक्यानंतर पेनाला टोपण लावायच्या. मी शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, की फॉर्ममधून डोकं वर न काढता म्हणायच्या, "काका, पिशवी खाली. ती खुर्ची काकूंची आहे."

"तिला काही त्रास नाही हो."

"तुम्हाला तरी सुरुवातीला कुठे होता? तपासणी दोघांची."

बायकोला सांगायचं धाडस होईपर्यंत दोन इंजेक्शनं झाली. तिसऱ्या वेळी ती सोबत आली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. मी पिशवी मांडीवरच ठेवली.