कोपऱ्यातला संगणक

खंडेनवमीच्या सकाळी सरांच्या आईने माझ्या हातातलं झेंडूचं फूल काढून घेतलं.

सीताबर्डीत दुसऱ्या मजल्यावर सरांचा संगणकाचा क्लास. मी तिथे झाडूपोछा करायची. त्या दिवशी सगळे संगणक बंद, पूजेला मांडलेले. सकाळी लवकर येऊन मीच पुसले होते. पोरं आपापल्या संगणकाला हळदकुंकू लावत होती, फूल ठेवत होती. कोपऱ्यातला एक तेवढा राहिला. मी त्याला कुंकू लावलं, फूल ठेवायला हात पुढे केला.

"तू काहून लावून राहिली वं?" आई म्हणाल्या. फूल घेतलं. मग एका पोराला म्हणाल्या, "हा पुन्हा पुसून घे बाप्पा. चांगल्या फडक्यानं."

पोराने पुसला. वर्षभर मीच पुसत आलेला संगणक. मी हात लावला म्हणून पुसला. मी कोणत्या वस्तीतून येते ते आईंना माहीत होतं. आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही.

"सर मले देणार होते तो," मी म्हणाले. "दसऱ्यापासून बसायले."

खोटं नव्हतं. मी पारशिवनीकडची, दहावी शिकलेली, लग्न होऊन नागपुरात आलेली. कामाला लागले तेव्हा सरांना विचारलं होतं, मला शिकवाल का. सर म्हणाले होते, "वर्षभर नीट काम कर. दसऱ्याले नवीन बॅच निघते, त्यात बस." मी ते खरं धरून चालले. कोपऱ्यातल्या संगणकावर फडकं जरा जास्तच फिरवायची. आता हसू येतं. म्हणजे येत नाही, पण यायला हवं.

सर मात्र हसले. "अवं, तू मनावरच घेतलं का? गंमत केली होती."

पोरंही हसली. मी बादली उचलली, जिना पुसला, घरी गेले. वरणभात केला. नवऱ्याने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. खरंच काही होत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई देतात, तसं आत सगळं बधिर. अपमान झाला हे कळत होतं. दुखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्ताची बॅच. सगळ्यांसारखी मीही चप्पल बाहेर काढली. फडकं खिळ्याला होतं, ते घेतलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. ठरवून गेले नव्हते. पाय तिकडे गेले.

पडद्याचं बटण दाबलं. बारीकसा दिवा लागला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं. मागून हसण्याचा आवाज आला. मी पडद्यालाच संगणक समजत होते. टेबलाखालच्या डब्याला हात लावायची मला मनाई होती, ओलं फडकं लागलं तर शॉक बसेल म्हणून. वर्षभर मी मुख्य वस्तू सोडून बाकी सगळं पुसत होते.

शेजारची पोरगी हसली नाही. हळूच म्हणाली, "काकू, खालच्या डब्याचं बटण दाबा."

दाबलं. डबा घरघरला. पडद्यावर उजेड आला.

"ऊठ," सर म्हणाले.

"नाही उठत."

"कामावरून काढीन."

"काढा. तुम्हीच म्हटलं होतं. शिकवा."

सर वाकले आणि भिंतीतली वायर उपटली. पडदा काळा झाला. मग ते फळ्याकडे गेले आणि बाकीच्यांना शिकवायला लागले. मी काळ्या पडद्यासमोर बसून राहिले, सगळं ऐकत. माउस कसा धरायचा. फाइल कुठे ठेवायची. संगणक बंद करताना कधीही सरळ वायर ओढायची नाही, हेही सरांनीच सांगितलं. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

क्लास सुटला तेव्हा उठले. फडकं खिळ्यालाच राहिलं. जिना उतरताना राग आला. उशिरा आला, पण आला तो गेला नाही.

आता मी एका दवाखान्यात झाडूपोछा करते. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बसते. तिथे एक जुना संगणक आहे. एका बोटाने टाइप करते. पहिल्यांदा माझं नाव लिहिलं, ते चुकलं, पुन्हा लिहिलं.

खंडेनवमी जवळ आली आहे. अभ्यासिकेतली पोरं म्हणाली, "काकू, यंदा पूजा तुम्हीच करा. त्या दिवशी मशीन बंद ठेवू."

मी नाही म्हटलं. त्या दिवशी ते मशीन बंद राहणार नाही. त्याला हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी जाईन. खुर्ची ओढीन. आणि खालचं बटण दाबीन.