चिमीच्या झग्याला पाच बटणं

टेलरमास्तरांचा माणसांवर विश्वास असा बेताचाच. गिऱ्हाईक स्वतःच्या पोटाचा घेरसुद्धा खरा सांगत नाही, हे चाळीस वर्षांत त्यांनी पुरतं ओळखलं होतं. नातीच्या शिशुवर्गातल्या बाईंवर तर पहिल्या दिवसापासून त्यांची वक्रदृष्टी.

त्यात सूनबाई निरोप घेऊन आली. "बाबा, चिमीला यंदा वरच्या वर्गात घेणार नाहीत म्हणे. तिचे हात अजून तयार नाहीत. तरी आठ दिवसांनी पुन्हा एकदा बघतील."

"हात? तिला काय हमाली करायचीय? पोर शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते!" मास्तर भडकले. बाईंचं काहीतरी काळंबेरं आहे, याबद्दल त्यांची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी दुकान बंद करून ते वर्गाच्या खिडकीआड उभे राहिले. आत एक पोरगा खडूच्या रेघेवरून तोल सांभाळत चालला होता. दोघी मुली या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओतत होत्या. बाई नुसत्या बघत होत्या. बसून पगार खातेय, मास्तर मनात म्हणाले.

"आत या मास्तर, तिथं ऊन लागेल," बाई म्हणाल्या. मास्तर ओशाळून आत गेले.

बाईंनी चिमीपुढे मणी आणि दोरा ठेवला. "चार मणी ओव बरं."

चिमीने आकडे सुरू केले. एकोणीसपर्यंत पोचली, पण दोऱ्यात एकही मणी गेला नव्हता.

"आकडे तोंडपाठ आहेत. पण एक मणी म्हणजे एक आकडा, हे हातानं करून करूनच डोक्यात शिरतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चिमीचा झगा निरखला. "हिच्या एकाही कपड्याला बटण कसं नाही हो? सगळीकडे चिकटपट्टी. कुठून आणता?"

"मीच शिवतो," मास्तर ऐटीत म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. नातीला तसदी नको म्हणून त्यांनी हौसेने बटणं टाळली होती. ओढलं की निघालं, दाबलं की बसलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी नवा झगा शिवला, पुढे पाच टपोरी बटणं आणि पाच काजं. मनातला संशय गेला नव्हताच. बाईंनी आपल्याला गुंडाळलं तर नाही ना?

सहा दिवस चिमी चिडली, रडली. मास्तर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसत.

सातव्या दिवशी बटणं लागली, पण वाकडी. चिमीने खाली मान घातली आणि एकेका बटणावर बोट ठेवत गेली. एक, दोन, तीन, चार. थांबली.

"आजोबा, वर एक काज रिकामं आहे. म्हणजे एक बटण राहिलंय." तिने चाचपून ते खाली शोधलं. "हं! पहिलंच चुकलं."

मास्तरांचे डोळे भरून आले. सवयीने हात पुढे गेला.

चिमीने तो बाजूला सारला. "तुम्ही नका ना. मला कळलंय."